गाठ नानांची

१ एप्रिल १९९४
ही डायरी एका खतवाल्या कंपनीनं शेठला फुकट दिलेली. माणकचंदशेठनं ती माझ्याकडं फेकली, म्हणे, "पंडित, अक्षर सुधार." बारावीला दोनदा नापास झालो तेव्हा कुणाला अक्षर आठवलं नाही. आता मी कीबोर्डवाला झालो तर सगळ्यांना अक्षर पाहिजे.

पण आजचं लिहायलाच पाहिजे. सकाळी गिरधर नानांना म्हटलं, "नाना, तुमचं नाव टाकून पाहा, मशीन तुमचा पण पत्ता काढतं." नानांनी एका बोटानं सहा मिनिटं लावून जी-आय-आर करत नाव टाकलं. स्क्रीनवर आलं: GIRDHAR – JUNA MAL – BHANGARAT PAHA. उखर्डू फिटरच्या नाकातून चहा बाहेर आला. नाना चष्मा वर करून विचारतात, "काय म्हणते रे?" मी मोठ्यांदा वाचून दाखवलं. बठ्ठं दुकान हसलं. नाना पण हसले. म्हणाले, "भंगाराचा भाव तरी विचार त्याले."

एप्रिल फूल जमलं म्हणायचं. नाना माझ्या बापाचे दोस्त, त्यांनीच मला इथं चिकटवलं. म्हणून रागावत नाहीत.

७ एप्रिल
गुरुवार. धुळ्याहून लीलाधर सर आले. फ्लॉपीची डबी छातीशी धरून एसटीतून उतरतात, जसं काही तान्हं पोर आणलंय. सरांकडेच मी सहा महिने कोर्स केला. आमच्या दुकानाचा प्रोग्राम सरांनीच लिहिला. दुकान म्हणजे शेतातल्या मोटरी विकायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या. प्रोग्रामात चार खोल्या केल्यात, सर त्याला मॉड्युल म्हणतात. जमा, वर्कशॉप, स्टोअर, डिलिव्हरी. आणि चारही खोल्यांचे नंबर वेगळे! जमाचा टोकन नंबर, वर्कशॉपचा जॉब नंबर, स्टोअरचा कार्ड नंबर, डिलिव्हरीचा चलान नंबर.

आता गिऱ्हाईक येतं. टोकन बैलानं खाल्लं म्हणतं. किंवा धुतलेल्या बंडीत लगदा झाला म्हणतं. विचारतं, "मनी मोटर व्हयनी का?" मी जमात जातो, बाहेर येतो, वर्कशॉपात जातो, बाहेर येतो. तोवर मागून नाना ओरडतात, "जामनेरवाला ना? तीन एचपी. बेअरिंग यायचं हाये, सोमवारी ये." झालं. मी अजून दुसऱ्या खोलीच्या दारात.

सरांना म्हटलं, "सर, एकच चौकट ठेवू. नाव टाका, गाव टाका, काहीही टाका. चारही खोल्यांत मशीनच फिरेल."

सर म्हणाले, "तू कर."

चेष्टा केली त्यांनी. पण मी करणार.

१२ एप्रिल
नानांची पद्धत आज नीट पाहिली, चोरी करायला. शेजारच्या टेलरकडून चिंध्या आणतात. मोटरीच्या हुकला बांधतात. हिरवी म्हणजे तयार. पिवळी म्हणजे सामान यायचंय. तांबडी म्हणजे बॉडीत करंट उतरतो, हात लावू नका. रॅकवर पन्नास-साठ मोटरी, सगळ्यांना शेपट्या. नाना शिडीवर चढून एक नजर टाकतात की चारही मॉड्युल वाचून होतात.

गाठ पण त्यांची वेगळी. दुहेरी पीळ देऊन टोक आत दडपतात. मी एक सोडवायला गेलो तर नख तुटलं.

"माझ्या गाठीले कोणी सोडू शकत नाही," म्हणे, "कात्रीच लागते."

सत्तावीस वर्षं झाली म्हणे. शेठच्या बापापासून, रिखबचंदशेठपासून.

२१ एप्रिल
चाललं! सर्च चाललं!

अडचण नावांची होती. सगळं इंग्रजी अक्षरांत भरलेलं. एकाच झिपरूला कोणी ZIPRU लिहितं, कोणी ZIPROO, कोणी ZIPARU. भरणारे तीन, स्पेलिंगं तेरा. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग सुचलं. स्वर काढून टाकायचे! काना, मात्रा, वेलांटी सगळ्यांचा मुडदा. झिपरू म्हणजे झेड-पी-आर. कसाही लिहा, झेड-पी-आर. मी त्याला टकलू सर्च नाव ठेवलं.

लीलाधर सरांनी अर्धा तास कोड वाचला. मग म्हणाले, "डोकं आहे तुला. शाळेत काय करत होतास?" मी म्हटलं, "बेंचाखाली फटाके लावत होतो."

मग सरांनी खोट काढलीच. "अरे, मग पहूर आणि पोहोरे एकच होतील. दोन्ही पी-एच-आर."

पहूर आपलं जामनेर रस्त्यावरचं, पोहोरे तिकडं चाळीसगावकडचं.

मी म्हटलं, "होऊ द्या सर, दोन्ही खानदेशातच आहेत."

सर हसले नाहीत. म्हणाले, "जेवढे सापडतील तेवढे सगळे दाखव. माणसाला निवडू दे."

बघू.

५ मे
शेठला दाखवलं. शेठनं पाच नावं टाकली, प्रत्येकाला तीन-चार ओळी आल्या. शेठ वैतागले. "मला हे पुराण नको. एक ओळ दे. मोटर झाली का नाही, बस."

"कुठली ओळ वर ठेवू?"

"गिऱ्हाईक खूश होईल ती."

म्हणून ओके वर ठेवलं. खाली काही असेल तर एफ-टू दाबा, दिसेल. कोणी दाबत नाही.

मग शेठनं शर्यत काढली. अखाजीच्या (शेठ अक्षय्यतृतीया म्हणतात) आदल्या दिवशी मशीन विरुद्ध नाना. दहा गिऱ्हाइकांची नावं. मशीन जिंकलं तर काउंटर माझा आणि नाना मागं गोडाऊनला, मोटरी उतरवायला. नाना जिंकले तर सर्च राहील पण नाना काउंटरला कायम.

नाना नुसतं म्हणाले, "मागं पंखा नाही, शेठ."

शेठ म्हणाले, "मग जिंका ना, नाना."

१२ मे
जिंकलो. दहापैकी नऊ. नानांची सहा.

काय केलं ते इथंच लिहितो, दुसरीकडं सांगायची सोय नाही. दुपारी नाना टेलरच्या ओट्यावर भाकर खायला गेले, उखर्डू पण बिडी प्यायला बाहेर. मी शिडीवर चढलो, नानांचीच कात्री घेऊन. हाताला आल्या त्या दहा मोटरींच्या चिंध्या कापून अदलाबदल केली. हिरवीच्या जागी तांबडी, तांबडीच्या जागी हिरवी. गाठी माझ्या, साध्या.

चार वाजता शेठ खुर्ची टाकून बसले, लीलाधर सर शेजारी. शेठ नाव घ्यायचे, मी टाइप करायचो, नाना शिडीवरून खाली ओरडायचे. पहिली दोन बरोबर आली. मग नाना ओरडले, "हा तयार!" स्क्रीन म्हणाली दुरुस्ती बाकी. उखर्डूला विचारलं, तो म्हणाला, "बाकीच हाये, शेठ." नाना शिडीवर तसेच उभे. चिंधीकडं पाहात राहिले. परत चुकले. मग परत.

उतरताना पाय सरकला, उखर्डूनं धरलं. कोणीतरी म्हणालं, "नाना, भंगारात पाहा!" आणि सगळे पुन्हा हसले. आता माझा जोक सगळ्यांचा झालाय.

शेठ म्हणाले, "आजपासून चिंध्या बंद. मोटरी जातील तशा जुन्या चिंध्या पण जातील. स्क्रीन सांगेल तेच खरं."

नाना माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "पंडित, गाठ माझी नाही ती."

मी म्हटलं, "वय झालं नाना, हात थरथरतो."

१४ मे
अखाजीला दुकान बंद होतं. आमरस इतका खाल्ला की झोपूनच होतो. आज लवकर जाऊन चिंध्या जागच्या जागी लावल्या. दहापैकी आठ. बाकीच्या दोन कुठल्या मोटरींच्या ते आठवेना. लिहून ठेवायला पाहिजे होतं. सगळ्या दुकानाचा सर्च मी केला आणि माझ्याच दोन चिंध्या सापडत नाहीत. जाऊ दे. स्क्रीन आहे ना.

२४ मे
आज लताबाई आली होती. पोहोऱ्याच्या झिपरूची बायको. असेल पंचविसाची. पाचोऱ्यावरून गाडी बदलून एकटी आली. झिपरूचा पाय मोडलाय, झाडावरून पडला, म्हणून शेत हीच पाहते. टोकन नाही. अर्थात.

मी ऐटीत टाइप केलं. झेड-पी-आर, पी-एच-आर. पाच एचपी. ओके.

ती काउंटरवर वाकून म्हणते, "तुना डबडाले मना नवरानं नाव बी माहीत शे?"

"त्याला सगळं माहीत आहे."

"मंग त्याले विचार, तो रातले घोरस ते कशी बंद करू?"

च्यायला! मी चलान भरायला घेतलं.

ती थेट मागं गेली आणि रॅककडं बोट करून ओरडली, "ती देख, ती मनी! दसराले मी कुंकू लायेल शे तिले." खरंच, बॉडीवर कुंकवाचा वाळका टिक्का. चिंधी हिरवी. स्क्रीन ओके, चिंधी हिरवी, मोटर तिनंच ओळखलेली. अजून काय पाहिजे?

पण नाना हटून बसले. चिंधी बोटात धरून म्हणतात, "ही गाठ माझी नाही. टेस्ट लॅम्प लावून पाहू दे."

"लाइट गेलीय नाना. मशीन तेवढं बॅटरीवर आहे."

"मंग येईपर्यंत थांबव तिले."

"तिची गाडी आहे तीनची."

"चुकू दे गाडी."

मी म्हटलं, "नाना, हरलात ना? आता तरी सोडा. का शेठला बोलावू?"

त्यांनी हात काढून घेतला. हमालानं मोटर रिक्षात ठेवली. लताबाईनं जाताना मला विचारलं, "भाऊ, आते झटका तं नही ना मारस? मांगे एकदाव माले फेकी दिन्थं तिनी."

मी स्क्रीनवर टिचकी मारली. "ओके म्हणतो."

"तो म्हनस ना, मंग बरं."

डिलिव्हरी मॉड्युलात देणाऱ्याच्या रकान्यात माझं अक्षर टाकलं. पी.

२७ मे
दुपारी एक म्हातारा आला. झिपरू. कुठला? पहूरचा.

टाइप केलं. झेड-पी-आर, पी-एच-आर. स्क्रीन म्हणते, माल दिला, २४ मे.

"माले कोणी देला?" म्हातारा म्हणतो, "मी आजच येऊन राह्यलो."

एफ-टू दाबलं. खाली दुसरी ओळ. पोहोरे. पाच एचपी. बॉडीला करंट, दुरुस्ती बाकी.

मागं पळालो. पहूरवाल्याची मोटर रॅकवर, तयार, आणि तिला तांबडी चिंधी. गाठ साधी. म्हणजे राहिलेल्या दोन चिंध्यांतली एक ही, आणि दुसरी लताबाईच्या मोटरीवरची हिरवी.

म्हाताऱ्याला त्याची मोटर दिली, तो गेला. नाना शेजारीच होते. माझ्या तोंडाकडं पाहात होते.

आता काय करावं? पोहोऱ्याला फोन नाही. संध्याकाळच्या गाडीनं जाऊन सांगता येईल. पण सुट्टी मागितली की शेठ विचारणार कशाला, मग शर्यतीचं निघणार, मग चिंध्यांचं निघणार. पोस्टकार्ड बरं. लगेच लिहिलं:

"झिपरू भाऊस, मोटर चालू करू नका, हात लावू नका. चुकून बिगर दुरुस्तीची दिली गेली. चिंधीची चूक माझी आहे. माणूस पाठवतो. – पंडित, काउंटर."

पोस्ट बंद झालं होतं. डायरीत ठेवलंय. उद्या टाकतो.

२८ मे
"चूक माझी आहे" हे लिहायला नको होतं. दुसरं कार्ड आणून नीट लिहावं. आज काउंटरला गर्दी फार. तिकडं लाइट तरी कुठं असते? मोटर चालू झालीच नसेल.

३० मे
झिपरू आला. कुबडी घेऊन, दोघांनी धरलेला. मला वाटलं भांडायला आला. तो काउंटरच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मरी गयी ती."

काल, रविवारी. विहिरीवर. स्टार्टर दाबला आणि मोटरीवर हात टेकला. शेजाऱ्यानं फ्यूज काढेपर्यंत ती चिकटूनच होती.

झिपरू परत परत एकच म्हणत होता, "ती म्हने, डबडानी सांगं, बठ्ठं बरोबर शे. डबडानी सांगं."

शेठनं त्याला पाणी दिलं. मग मला आत बोलावून म्हणाले, "उद्या पोलीस येतील. या मोटरीचं जिथं जिथं काय लिहिलंय ते सगळं एका कागदावर काढ. तुझं सर्च त्याच्यासाठीच आहे ना?"

३१ मे
आहे की. त्याच्यासाठीच आहे.

कागद काढण्याआधी एकदा डिलिव्हरी मॉड्युल उघडलं. देणारा, पी. कर्सर त्यावर नेला आणि जी केलं. एक अक्षर. मग प्रिंटरनं खर्रखर्र करत सगळं छापलं. पहूरची ओके, पोहोऱ्याची दुरुस्ती बाकी, आणि देणारा जी.

हवालदारानं दोनदा वाचलं. "कॉम्प्युटरमधे तर साफ आहे. ओके पहूरची होती. गोडाऊनवाल्यानं दुसरीच उचलून दिली. जी कोण?"

सगळ्यांनी नानांकडं पाहिलं. उखर्डूनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली.

नानांनी चष्मा काढला. म्हणाले, "मशीनमधे हाये ना? मंग असीन."

शेठ म्हणाले, "नाना, सत्तावीस वर्षांचं नाव घालवलंत."

मी विचार केला, नानांचं आता राहिलंय तरी काय. माझं तर अख्खं आयुष्य पुढं आहे. असं मनाशी तीन वेळा म्हटलं. तिन्ही वेळा बरोबर वाटलं.

नानांना जीपमधे बसवलं तेव्हा त्यांनी टेलरला हाक मारली, "कापडं ठेव रे बाजूले, मी येतो." अजून चिंध्याच डोक्यात.

९ जून
लीलाधर सर आले. कोड उघडून बसले. पहूर-पोहोरे वेगळं केलं, सगळ्या ओळी दाखवायला लावल्या, अर्धा तास लागला.

"अर्ध्या तासाचं काम होतं, पंडित," म्हणाले.

शेठला मात्र सर्च आवडलंय. धुळ्याच्या दुकानात पण बसवायचं म्हणतात. मला तिकडं पाठवणार, पगार वाढवून. तिथं पण कोणी म्हातारा आहे म्हणे, खडूनं खुणा करतो.

नाना जामिनावर सुटले. केस चालू राहील. त्यांच्या गल्लीत पोरं ओरडतात म्हणे, "भंगारात पाहा!" इथून तिथं कसं गेलं देव जाणे.

१६ जून
आठवडाभर डायरी काढली नव्हती, म्हणून तेरा तारखेचं आधी. त्या दुपारी बँकेतून आलो तर उखर्डू म्हणाला, "नाना येऊन गेले. आपला डबा आणि कात्री न्यायले."

"कुठं होती कात्री?"

"तुह्या काउंटरच्या ड्रॉवरमधे."

हो. मीच टाकली होती, बारा मेला.

"काही बोलले?"

"नाही. बसले होते बरीच वेळ खुर्चीवर. मी म्हटलं, नाना, पंखा लावू का? तर नको म्हणे."

आता आजचं. उद्या धुळ्याला निघायचं. सामान आवरायला ड्रॉवर उघडला. माझ्या आधी हमालानं आत हात घातला होता, ही डायरी काढून द्यायला. उखर्डू पलीकडून ओरडला, "अय! हात नको लावू! तांबडी हाये!"

डायरीला तांबडी चिंधी. उभी-आडवी बांधलेली. दुहेरी पीळ, टोक आत दडपलेलं. ही गाठ मात्र नानांची.

हमालानं हात असा मागं घेतला जसा खरंच झटका बसला. उखर्डू जवळ आला, गाठ पाहिली, माझ्याकडं पाहिलं. मग निघून गेला. चहाला नाही म्हणाला.

कात्री नाही दुकानात. गाठ तशीच ठेवून चिंधी कडेनं सरकवून काढली, तेव्हा हे लिहिता आलं. पानं सगळी आहेत. एक पण फाडलेलं नाही. बारा मेचं आहे, एकतीस मेचं आहे.

पोस्टकार्ड नाही.

ड्रॉवर उलटा करून पाहिला. काउंटरखाली पाहिलं, रॅकखाली पाहिलं. उखर्डूला विचारलं, नाना इथून गेले ते कुठं गेले? तो पाठमोराच म्हणाला, "पोस्टाकडं."

तेरा तारखेला टाकलं असेल तर आज-उद्या पोचेल. पत्ता मी मराठीत लिहिलाय. झिपरू, मुक्काम पोहोरे. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. पोस्टमन पहूरला जायचा नाही.